ऑइलचा डबा पाठीमागून वाचताना

पुण्यात नाना पेठेत दुचाकीच्या स्पेअर पार्टची दुकानं ओळीनं आहेत. तिथं कुठल्याही काउंटरवर उभं राहून ‘ऑइल द्या’ म्हटलं की दुकानदार विचारतो, ‘गाडी कुठली?’ गिऱ्हाइकाचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा वेगळाच असतो: ‘भारी कुठलं?’

भारी कुठलं, या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तो अर्धाच प्रश्न आहे. कॅस्ट्रॉल, मोट्यूल, शेल, गल्फ, सर्वो, एचपी, मॅक यांतला प्रत्येक ब्रँड पाच-सात तऱ्हेची ऑइलं विकतो. एकाच ब्रँडच्या दोन डब्यांत जेवढा फरक असतो, तेवढा बऱ्याचदा दोन वेगळ्या ब्रँडच्या सारख्याच लेबलांच्या डब्यांत नसतो. तो फरक डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेला असतो. ती अक्षरं म्हणजे एसएई, एपीआय, जासो. वाचायला किचकट दिसतात, पण त्यांचा अर्थ एकदा कळला की काउंटरवरचा गोंधळ बराच कमी होतो.

एका तेलावर तीन संसार

कारमध्ये इंजिन ऑइल फक्त इंजिनात फिरतं. गिअरबॉक्सला त्याचं स्वतःचं तेल असतं, आणि साध्या मॅन्युअल गाडीचा क्लच कोरडा असतो. मोटरसायकलमध्ये हे तिन्ही एकाच घरात राहतात. पिस्टनला आणि झडपा उघडणाऱ्या कॅमला लागणारं तेल, गिअरचे दाते ज्यात फिरतात ते तेल आणि क्लचच्या प्लेटा ज्यात बुडालेल्या असतात ते तेल एकच. तेही जेमतेम लिटरभर. छोट्या कारलासुद्धा तीन-साडेतीन लिटर मिळतं, इंजिन गार ठेवायला रेडिएटर मिळतो. आपल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना गार ठेवायला वारा आणि हेच लिटरभर ऑइल.

जुनी, बिडाच्या इंजिनाची बुलेट ज्यांनी वापरली आहे त्यांना आठवत असेल, तिची व्यवस्था निराळी होती. इंजिनात एक तेल, क्लच ज्यात बसतो त्या प्रायमरी चेनकेसमध्ये वेगळं, गिअरबॉक्समध्ये तिसरं. बदलायची कटकट तिप्पट, पण एकाचं दुखणं दुसऱ्याला लागत नसे. २००९ च्या आसपास रॉयल एनफील्डनं युनिट कन्स्ट्रक्शन, म्हणजे इंजिन-क्लच-गिअरबॉक्स एकाच घरात असलेलं, इंजिन आणलं आणि बुलेटही बाकीच्यांच्या पंगतीला येऊन बसली.

हे एकत्र कुटुंब विसरल्याची शिक्षा मी स्वतः भोगली आहे. मेहुण्याच्या कारची सर्व्हिसिंग झाली आणि चांगलं महागाचं, सिंथेटिक, सीलबंद लिटरभर ऑइल उरलं. ‘एवढं भारी ऑइल वाया कशाला घालवायचं’ म्हणून मी ते बाइकमध्ये ओतलं. पंधरा दिवस गाडी लोण्यासारखी चालली. मग एका रविवारी ताम्हिणीच्या चढावर, मागे बायको आणि सॅक, मी मूठ पिळतोय, इंजिन ओरडतंय आणि गाडी मात्र जागची हलायला तयार नाही. क्लच घसरत होता. गॅरेजवाल्यानं प्लेटा काढून हातात दिल्या तेव्हा तो नुसता हसला. ऑइलमध्ये काडीचा दोष नव्हता. ते ऑइल कारचं होतं, एवढंच.

घडलं असं. क्लचमध्ये घर्षणाच्या प्लेटा आणि पोलादी प्लेटा एकाआड एक बसवलेल्या असतात आणि स्प्रिंग त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. त्या ऑइलमध्ये भिजलेल्या असल्या तरी एकमेकींना घट्ट धरून राहायला हव्यात, तेवढं घर्षण तिथं लागतंच. कारच्या ऑइलवाल्यांना क्लचची फिकीर नसते. मायलेज वाढावं म्हणून ते त्यात घर्षण आणखी कमी करणारी रसायनं घालतात, मॉलिब्डेनमची संयुगं त्यातलीच. पिस्टनला ती मानवतात, पण क्लचच्या प्लेटांवर त्यांचा थर बसला की प्लेटा निसटू लागतात.

हा त्रास माझ्या एकट्याचा नव्हता. १९९० च्या दशकात कारची ऑइलं मायलेजच्या मागे लागली तशी जगभर मोटरसायकलींच्या क्लचची तक्रार सुरू झाली. तेव्हाच्या बहुतेक मोठ्या मोटरसायकल कंपन्या जपानच्या, त्यामुळे उपायही तिथूनच आला. जासो या जपानी वाहन-मानक संस्थेनं १९९८ मध्ये खास चार-स्ट्रोक दुचाकींच्या ऑइलसाठी टी-९०३ हे मानक काढलं. त्यात खरोखरीच्या क्लच प्लेटा त्या ऑइलमध्ये फिरवून, थांबवून, पकड किती राहते ते मोजतात. पकड चांगली असेल तर एमए, घर्षण कमी असेल तर एमबी. पुढे २००६ मध्ये एमएचे दोन भाग झाले: एमए१ आणि त्याहून घट्ट पकडीचं एमए२.

म्हणून गिअरची बाइक असेल तर डब्यावर जासो एमए, एमए१ किंवा एमए२ यातलं काहीतरी हवंच. ते छोट्या चौकोनी चौकटीत छापलेलं असतं. ते सापडलं नाही तर डबा परत ठेवायचा, मग पुढच्या बाजूला रेसिंगचा झेंडा फडकत असो की एखाद्या खेळाडूचा फोटो असो.

स्कूटरची गोष्ट उलटी. अॅक्टिव्हा, ज्युपिटर, अॅक्सेस यांचा क्लच बेल्टजवळ, इंजिनाबाहेर, कोरडा असतो. त्याला ऑइल लागतच नाही. गिअरसाठीही मागच्या चाकाशी वेगळं थोडंसं तेल असतं. त्यामुळे स्कूटरला घर्षण कमी करणारं एमबी ऑइल चालतं, थोडं मायलेजही मिळतं. होंडा अॅक्टिव्हाला १०डब्ल्यू-३० एमबी सांगते ते याच कारणानं. चुकून स्कूटरमध्ये एमए गेलं तर बिघडत नाही, फार तर मायलेज किंचित उतरेल. बाइकमध्ये एमबी गेलं तर मात्र ताम्हिणी. घरात एक बाइक आणि एक स्कूटर असेल आणि दोघींना मिळून एकच डबा आणायचा असेल, तर ग्रेड, म्हणजे १०डब्ल्यू-३० सारखे आकडे, जुळते का ते बघून एमएचा आणा.

१० आणि ३०, मधला डब्ल्यू

आता ते आकडे. १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५०. ही एसएई या अमेरिकन अभियंता संस्थेची पद्धत आहे आणि ती ऑइलचा फक्त घट्टपणा सांगते. चांगलं-वाईट काही सांगत नाही. ५० म्हणजे ३० पेक्षा ‘वरच्या दर्जाचं’ हा समज गॅरेजांमधून इतका पक्का बसलाय की तो आधी काढावा लागेल.

थंडीत काकवीची बरणी उलटी केली तर धार पडायला वेळ लागतो, आणि तीच काकवी गरम पोळीवर ओतली की पळते. ऑइलचंही तसंच. गार असताना घट्ट, तापलं की पातळ. दुसरा आकडा, म्हणजे ३०, ४०, ५०, हा ऑइल १०० अंश सेल्सिअसला किती घट्ट राहतं ते सांगतो. हे मोजायचं एकक सेंटिस्टोक. साध्या तापमानाचं पाणी सुमारे १ सेंटिस्टोक असतं. १०० अंशाला ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ च्या दरम्यान, ४० चं १२.५ ते १६.३ आणि ५० चं १६.३ ते २१.९ असावं लागतं. सगळ्या ग्रेड शेजारी शेजारी आहेत, एकीची हद्द संपली की दुसरीची सुरू.

पहिला आकडा थंडीचा. डब्ल्यू म्हणजे विंटर. १०डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे २५ अंशाला घेतात, २०डब्ल्यूची उणे १५ ला. निफाडला द्राक्षबागा गारठतात तेव्हाही पारा उणे १५ च्या जवळपास जात नाही. त्यामुळे ‘आपल्याकडे बर्फ कुठं पडतो, डब्ल्यूचा आकडा कशाला बघायचा’ असं वाटणं साहजिक आहे. लेह-लडाखला जाणाऱ्या आपल्या मराठी टोळ्यांनाही उन्हाळ्यातल्या सहलीत २०डब्ल्यूची हद्द ओलांडावी लागत नाही.

पण एक मेख आहे. बाइकचं ऑइल १०० अंशाला पोहोचेपर्यंत बराच वेळ गारच असतं, आणि शहरात पाच किलोमीटरवर ऑफिस असेल तर ते नीट तापायच्या आतच गाडी स्टँडवर लागते. ४० अंशाला नेहमीचं १०डब्ल्यू-३० साधारण ६५-७० सेंटिस्टोक असतं, तर २०डब्ल्यू-५० दीडशेच्याही पुढे. पहाटे २० अंशाला दोन्ही याहून कितीतरी घट्ट. रात्रभरात ऑइल खाली तळाशी उतरलेलं असतं. बटण दाबल्यावर ते पंपानं वर कॅमपर्यंत पोहोचायचं असतं, आणि पातळ ऑइल तिथं लवकर पोहोचतं. इंजिनाची बरीचशी झीज याच पहिल्या काही क्षणांत आणि इंजिन तापेपर्यंतच्या काळात होते. म्हणून उणे तापमानाशी आपला संबंध नसला तरी पहिला आकडा अगदीच बिनकामाचा नाही.

मग आता गॅरेजमधल्या मिस्त्रींचा मुद्दा. ‘साहेब, कंपनीचं ३० लई पातळ हाय, पाण्यागत. विसाचं पन्नास टाका, इंजिन गप्प बसतंय.’ ते खोटं बोलत नाहीत. घट्ट ऑइलनं टॅपेटचा टकटकाट दबतो, आणि ज्या गाडीच्या पिस्टनची रिंग झिजली आहे, जी ऑइल पिते आणि निळसर धूर सोडते, तिला एक पायरी घट्ट ऑइल दिलं तर तिचा त्रास थोडा लांबतो. पण आवाज दबला म्हणजे झीज थांबली असं होत नाही. स्प्लेंडरचं इंजिन १०डब्ल्यू-३० धरून बांधलेलं आहे. त्यातल्या फटी, पंप, ऑइल वर नेणाऱ्या नळ्या सगळं त्या हिशेबानं. त्यात २०डब्ल्यू-५० ओतलं तर पंपाला जोर लागतो, पहाटे ऑइल वर जायला उशीर होतो आणि मायलेज उतरतं. उलट पल्सर १५० ला बजाज २०डब्ल्यू-५० सांगते, नव्या क्लासिक ३५० ला रॉयल एनफील्ड १५डब्ल्यू-५० आणि त्यांच्याच ६५० सीसीच्या इंटरसेप्टर-कॉन्टिनेंटल जीटी जोडीला १०डब्ल्यू-५०. यात कोण हुशार, कोण अडाणी असा प्रश्न नाही. प्रत्येक इंजिनाच्या फटी वेगळ्या.

माझं मत विचाराल तर गाडी ठणठणीत असताना पुस्तिकेतली ग्रेड सोडू नये. चंद्रपूर-अकोल्याच्या ४५ अंशात दिवसभर गाडी चालवणाऱ्यानं पुस्तिकेतला तापमानाचा तक्ता बघावा. बऱ्याच पुस्तिकांत तो असतो आणि त्यात एकीपेक्षा जास्त ग्रेड दिलेल्या असतात. तक्त्यात असेल तेवढीच सूट घ्यायची.

शेवयांची खीर

१०डब्ल्यू-३० या एकाच ऑइलला दोन आकडे कसे? थंडीत दहासारखं पातळ आणि उन्हात तीससारखं घट्ट, हे जमतं कसं? आधी एक गैरसमज: मल्टिग्रेड, म्हणजे असं दोन आकड्यांचं, ऑइल तापल्यावर घट्ट होत नाही. तेही पातळच होतं, फक्त कमी पातळ होतं.

यामागची युक्ती सुंदर आहे. मूळ तेल पातळ घेतात आणि त्यात पॉलिमरच्या लांबलचक साखळ्या मिसळतात. गार असताना या साखळ्या गुंडाळी करून निवांत पडलेल्या असतात, तेलाच्या वाटेत येत नाहीत. तेल तापलं की त्या फुगतात, पसरतात आणि वाहत्या तेलाला अडवतात. खिरीत शेवया शिजल्यावर फुगून खीर दाट करतात, तसंच काहीसं.

आता या खिरीत कोणी दणादण डाव फिरवला तर? शेवयांचे तुकडे होतील आणि खीर पातळ दिसेल. बाइकमध्ये तो डाव म्हणजे गिअरबॉक्स. गिअरचे दाते एकमेकांत घुसताना मधल्या तेलाला जबरदस्त दाबानं चिरडतात, त्या साखळ्या तुटतात, आणि नवं असताना ४० असलेलं ऑइल दोन-अडीच हजार किलोमीटरनंतर ३० च्या हद्दीत येऊन बसतं. कारच्या ऑइलला हा मार नसतो, कारण तिचा गिअरबॉक्स वेगळा. म्हणून जासोच्या मानकात या चिरडण्याचीही परीक्षा आहे. ठरावीक मार दिल्यानंतर ३० चं ऑइल ९ सेंटिस्टोकच्या, ४० चं १२ च्या आणि ५० चं १५ च्या खाली जाता कामा नये.

दोन आकड्यांमधलं अंतर जितकं जास्त, तितक्या साधारणपणे शेवया जास्त. खनिज तेलाचं १०डब्ल्यू-५० बनवायला पुष्कळ पॉलिमर लागेल. म्हणूनच इतक्या लांब पल्ल्याची ऑइलं बहुतेक वेळा सिंथेटिक असतात. त्यांचं मूळ तेलच तापमानाला फारसं दाद देत नाही, त्यामुळे पॉलिमर कमी लागतं आणि तुटायलाही कमी असतं.

ऑइलची ही झीज तुम्हाला उपकरणाशिवाय कळू शकते. ऑइल नवं असताना गिअर मऊ पडतात. मग हळूहळू ‘खट्’ आवाज वाढतो, न्यूट्रल सापडेनासा होतो, सिग्नलला पाय शोधत बसतो. कुठलं ऑइल आपल्या गाडीत किती किलोमीटर टिकलं याची माझ्या मते हीच सर्वांत खरी घरगुती चाचणी आहे. बोटावर ऑइल घेऊन चोळून बघणं मात्र सोडून द्या. त्यानं फक्त बोट काळं होतं. काळा रंगही घाबरायचा नाही. ऑइलमधली साफसफाई करणारी रसायनं काजळी स्वतःत धरून ठेवतात म्हणून ते काळं होतं. दोन हजार किलोमीटरनंतरही सोनेरीच राहिलेल्या ऑइलकडे मी जरा संशयानंच बघेन.

एपीआयची अक्षरं

एसजे, एसएल, एसएम, एसएन, एसपी. एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या या इयत्ता आहेत. एस म्हणजे पेट्रोल इंजिन, पुढचं अक्षर जितकं पुढचं तितकी इयत्ता नवी. एसएल २००१ ची, एसएन २०१० ची, एसपी २०२० ची. सी पासून सुरू होणारी अक्षरं डिझेलची, म्हणजे ट्रॅक्टर-ट्रकची.

पुस्तिकेत ‘एसजे किंवा वरचं’ असं लिहिलं असेल तर एसएल, एसएन सगळं चालतं, जासोची चौकट असेल तर. इयत्ता नवी म्हणून ऑइल बाइकला जास्त मानवतं असं मात्र नाही. झीज रोखायला ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरस असलेलं एक संयुग घालतात. कॅमवर, गिअरच्या दात्यांवर ते बारीक थर धरतं आणि धातूऐवजी तो थर झिजतो. फॉस्फरसनं कारच्या सायलेन्सरमधला, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, म्हणून कारच्या हलक्या ग्रेडमध्ये नव्या इयत्तांनी फॉस्फरसवर कमाल मर्यादा घातली. दुचाकींना गिअरसाठी तो हवाच, म्हणून जासोनं किमान मर्यादाही ठेवली: ०.०८ ते ०.१२ टक्के. बाइकला कारचं ऑइल का नको, याचं क्लचनंतरचं दुसरं कारण हे.

खेड्यात ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल बाइकला घालतात. डिझेलच्या ऑइलमध्ये सहसा घर्षण मारणारी रसायनं नसतात, त्यामुळे क्लच लगेच घसरत नाही आणि ‘बघा, काय झालं का?’ म्हणायला जागा मिळते. पण ग्रेड जुळेलच असं नाही, आणि डिझेलच्या काजळीसाठी घातलेली भरपूर धुण्याची रसायनं जळून पिस्टनवर राखेचा थर ठेवतात. अडीअडचणीला, गावापर्यंत पोहोचण्यापुरतं ठीक.

सिंथेटिक म्हणजे नक्की काय

इथं जाहिरातवाल्यांची चैन आहे, म्हणून जरा थांबू.

ऑइलचा मोठा भाग म्हणजे मूळ तेल, ज्याला बेस ऑइल म्हणतात. ते पाच गटांत मोडतं. पहिला आणि दुसरा गट कच्च्या खनिज तेलापासून शुद्ध केलेला. मुंबईत माहूलला हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम दोघांच्याही रिफायनऱ्या बेस ऑइल बनवतात. तिसरा गटही खनिज तेलातूनच येतो, पण हायड्रोजनच्या साहाय्यानं त्याची रेणूंपर्यंत इतकी मोडतोड आणि फेररचना केलेली असते की तो जवळजवळ नवाच पदार्थ होतो. चौथा गट पीएओ, कारखान्यात रेणू जोडून बनवलेला. पाचव्यात बाकी सगळे, त्यातले महत्त्वाचे एस्टर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून होणारी संयुगं.

पूर्वी सिंथेटिक म्हणजे चौथा-पाचवा गट. मग अमेरिकेत कॅस्ट्रॉलनं आपल्या सिंथेटिकमध्ये तिसऱ्या गटाचं तेल वापरायला सुरुवात केली. मोबिलनं जाहिरातींच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळापुढे आक्षेप घेतला. १९९९ मध्ये निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूनं लागला: तिसऱ्या गटालाही सिंथेटिक म्हणता येईल. तेव्हापासून ‘फुल्ली सिंथेटिक’ हा शब्द फार सैल झाला. आज दुकानात मिळणारी बरीचशी सिंथेटिक ऑइलं तिसऱ्या गटावर उभी आहेत. ती वाईट नाहीत, उलट रोजच्या वापराला उत्तम आहेत. पण दोन ‘फुल्ली सिंथेटिक’ डब्यांच्या किमतीत दुप्पट फरक दिसला तर त्याचं एक कारण इथं असू शकतं. आणि ‘सेमी-सिंथेटिक’मध्ये सिंथेटिक किती टक्के असावं याचा तर सर्वमान्य नियमच नाही.

एस्टरबद्दल एक गंमत. आपल्या आजीच्या फडताळातलं एरंडेल रसायनशास्त्राच्या दृष्टीनं एस्टरच आहे. मोटरसायकली आणि विमानं नवी होती तेव्हा त्यांच्या इंजिनात एरंडेल वापरत, कारण ते धातूला चिकटून राहतं. कॅस्ट्रॉल हे नावच १९०९ मध्ये कॅस्टर ऑइलवरून, म्हणजे एरंडेलावरून पडलं. मोट्यूलचं ३०० व्ही हे १९७१ चं एस्टरवालं शर्यतीचं ऑइलही हाच चिकटण्याचा गुण वापरतं, फक्त तो एस्टर कारखान्यात घडवलेला. नुसतं एरंडेल आज गाडीत घालू नका. ते तापून लाखेसारखं घट्ट बसतं.

सिंथेटिकचा खरा फायदा उष्णतेत दिसतो. ढोबळ नियम असा की तापमान दर १० अंशांनी वाढलं की ऑइल सडायचा वेग दुप्पट होतो. वाऱ्यावर गार होणारं इंजिन मे महिन्यात वाहतूककोंडीत उभं राहिलं की हा नियम आपलं काम चोख करतो. तिथं सिंथेटिक टिकतं, खनिज लवकर थकतं.

म्हणून जास्त टिकतं तर जास्त चालवायचं, हे गणित मात्र प्रत्येक गाडीला लागू नाही. सोयीसाठी आकडे धरू. खनिज ऑइल ४५० रुपयांचं, ३,००० किलोमीटर चाललं. सिंथेटिक ९०० रुपयांचं, ६,००० चाललं. वर्षाला १२,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे दोन्हीकडे १,८०० रुपयेच जातात. पण स्प्लेंडरसारख्या इंजिनात कारसारखा कागदी फिल्टर नाही. एक जाळी असते, आणि एक फिरती वाटी, जिच्यात गाळ कडेला फेकला जातो. ऑइल कितीही महागाचं असलं तरी क्लचचा चुरा आणि काजळी त्यातच फिरत राहणार. अशा गाडीत महागडं ऑइल घालून ते वर्षभर न बदलण्यापेक्षा पुस्तिकेतलं साधं ऑइल वेळेवर बदललेलं मला जास्त पटतं. नव्या ३५० आणि ६५० बुलेटसारख्या, चांगला फिल्टर असलेल्या, कंपनीनंच लांब मुदत दिलेल्या गाड्यांत मात्र सिंथेटिक किंवा सेमीचे पैसे वसूल होतात. हायवेवर रोज दीडशे किलोमीटर मारणाऱ्यालाही ते पटतं. घरापासून भाजी मंडईपर्यंतच गाडी नेणाऱ्यानं ते पैसे वाचवावेत, पण ऑइल किलोमीटरवर नको, महिन्यांवर बदलावं. छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, ऑइलमध्ये पेट्रोल आणि दमट हवेचं पाणी साठत जातं.

कोकणात पावसाळ्यात ऑइलचं झाकण उघडलं की आत सायीसारखा पांढरट थर दिसतो, तो हाच. झाकणापुरताच असेल तर एकदा चांगली पन्नास किलोमीटर गाडी दामटा, जाईल. सगळंच ऑइल चहाच्या रंगाचं झालं असेल तर इंजिनात पाणी शिरलंय. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीत हजारो गाड्यांचं हे झालं. अशी गाडी किक मारून बघायचीसुद्धा नाही. आधी ऑइल काढायचं, आणि भरून पुन्हा एकदा काढायचं.

पातळी तपासताना गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करा, इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा आणि पट्टी पुसून नुसती टेकवून बघा. बऱ्याच गाड्यांत ती आटे न फिरवता मोजायची असते. साइड स्टँडवर कललेल्या गाडीत पातळी चुकीची दिसते आणि माणूस गरज नसताना ऑइल ओततो. जास्त ऑइलही वाईट, त्यात फेस होतो आणि सीलमधून गळतं. कमी पडलंच आणि रस्त्यात तोच ब्रँड मिळेना तर त्याच ग्रेडचं, त्याच जासोचं दुसऱ्या कंपनीचं बिनदिक्कत घाला. बुडापर्यंत कोरडं ठेवून ब्रँडनिष्ठा दाखवण्यात अर्थ नाही. ‘ऑइलमध्ये टाकायची बाटली’ म्हणून जी जादूची औषधं विकतात ती मात्र घेऊ नका. ऑइल बनवणाऱ्यानं रसायनांचा मेळ आधीच बसवलेला असतो, आणि त्या औषधातलं घर्षण मारणारं काय क्लचवर जाऊन बसेल सांगता येत नाही.

राहिला डबा. बनावट ऑइलचा धंदा रिकाम्या डब्यांवर चालतो: भंगारात गेलेला चांगला डबा, आत गाळून घेतलेलं जुनं ऑइल, वर नवं सील. म्हणून ऑइल आपल्यासमोर फोडून ओतायला सांगा, आणि रिकामा झाला की डब्याला तिथंच स्क्रू ड्रायव्हरनं दोन भोकं पाडा. गॅरेजवाले आता हसत नाहीत, बरेच जण स्वतःच पाडतात.

आणि जळकं ऑइल. आमच्या गावी अजूनही कोणी ना कोणी ते मागायला येतं, चौकटीला वाळवी लागू नये म्हणून लावायला, नाहीतर सेंट्रिंगच्या प्लेटांना. वाळवी जातेही. पण त्या काळ्या ऑइलमध्ये झिजलेला धातू असतो, जळलेली रसायनं असतात, कायद्यानं तो घातक कचरा आहे, आणि विहिरीजवळच्या गोठ्याच्या खांबाला लावलेलं पहिल्या पावसात कुठं जातं ते सांगायला नको. मी ते गॅरेजच्या पिंपातच ओतून येतो. तिथून ते शुद्ध करणाऱ्यांकडे जातं. मागणाऱ्या शेजाऱ्याला मी वाळवीचं औषध आणून देतो, आणि दरवर्षी त्याच्याकडून ‘फुकटचं होतं की रे ते’ एवढं ऐकून घेतो.